सोळाव्या वर्षी बंद होणारी दारं

२९ ऑगस्ट २०२३ ला अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झालं. १ सप्टेंबरला तिथे लाठीमार झाला आणि जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातलं हे गाव एका रात्रीत राज्याच्या राजकारणाच्या मध्यभागी आलं. पुढच्या वर्षी जूनमध्ये तिथून जवळच असलेल्या वडीगोद्रीत लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे ओबीसी आरक्षणाच्या रक्षणासाठी उपोषणाला बसले. दोन्ही मंडपांतल्या मागण्या एकमेकींच्या विरोधात होत्या, पण दोन्हीकडच्या आई-बापांची धास्ती एकच होती: शिकलेल्या लेकराला कुठे तरी जागा मिळेल का? शेती पुरत नाही, नोकरी दिसत नाही, आणि मेडिकलची किंवा सरकारी नोकरीची एखादी जागा सगळ्या घराचं नशीब बदलेल, असं दोन्ही बाजूंच्या घरांत मनापासून वाटतं.

आरक्षणाचा निवाडा करणं हा या लेखाचा विषय नाही. तो प्रश्न खरा आहे आणि त्याची जागा वेगळी आहे. मला बोलायचं आहे त्याच्या दोन वर्षं आधी घडणाऱ्या एका गोष्टीबद्दल. ज्या जागांसाठी एवढी मोठी आंदोलनं उभी राहिली, त्या अठराव्या वर्षी समोर येतात. पण त्यांच्यापर्यंत कोण पोहोचणार, हे बरंचसं सोळाव्या वर्षी, दहावीच्या निकालानंतरच्या महिनाभरात ठरून जातं. त्या निर्णयाला आपण ‘मुलांची निवड’ म्हणतो. खेड्यातल्या मुलाच्या बाबतीत ती फार थोड्या वेळा निवड असते. एका छपराखाली सगळे विषय शिकवणारं, निर्णय बदलण्याची मुभा देणारं माध्यमिक विद्यालय त्याच्या एसटीच्या टप्प्यात आलं, तरच ती निवड खरी होईल.

आधी मुलं काय म्हणतात ते ऐकू. मराठवाड्यात दहावी झालेल्या कोणत्याही मुलाला विचारलं तर एक वाक्य हमखास कानावर येतं: काहीही कर, पण सायन्स घे. हे वाक्य घरचे बोलतात, शिक्षक बोलतात, पुढच्या वर्गातला दादा बोलतो. शहरातल्या माणसाला यात नुसतं अनुकरण दिसतं. पण मुलांच्या बोलण्यात त्याचं कारणही असतं: सायन्सवाला आर्ट्सला जाऊ शकतो, आर्ट्सवाला सायन्सला येऊ शकत नाही. हे कारण अगदी नियमाला धरून आहे. बारावी विज्ञान झालेला मुलगा बीए करू शकतो, बीकॉम करू शकतो, वकील होऊ शकतो, स्पर्धा परीक्षेला इतिहास घेऊन बसू शकतो. बारावी कला झालेल्या मुलीला अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र, बीएस्सी नर्सिंग आणि वैद्यकीय शिक्षण ही सगळी दारं बंद असतात. कृषी पदवीसुद्धा. लहानपणापासून कापूस वेचलेली, मोसंबीच्या बागेला पाणी दिलेली मुलगी अकरावीला आर्ट्स घेऊन बसली, तर परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या बीएस्सी अ‍ॅग्रीला ती पात्र ठरत नाही.

म्हणून मुलं सायन्स घेतात तेव्हा त्यातल्या कितीतरी जणांना भौतिकशास्त्राची ओढ असते असं नाही. त्यांना दारं उघडी ठेवायची असतात, एवढंच. २०२५ च्या बारावीच्या परीक्षेला राज्यातून १५,०५,०३७ विद्यार्थ्यांनी नोंदणी केली. त्यात विज्ञानाचे ७,६८,९६७ होते, म्हणजे निम्म्याहून जास्त. कलेचे ३,८०,४१०, वाणिज्यचे ३,१९,४३९ आणि व्यवसाय अभ्यासक्रमाचे फक्त ३१,७३५. हे आकडे महाराष्ट्रातल्या मुलांची आवड दाखवतात, असं मानणं चुकीचं आहे. कुठल्या वाटेवरून मागे फिरता येतं आणि कुठल्या वाटेवरून येत नाही, हे मुलांनी नेमकं ओळखलं आहे, एवढंच ते सांगतात.

या हिशेबाची किंमत दोन्हीकडची मुलं मोजतात. ज्यांनी सायन्स घेतलं, त्यांच्यातल्या अनेकांचं कॉलेज फक्त कागदावर असतं. नाव एका गावच्या कॉलेजात, मुलगा लातूरच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या क्लासला, आणि कॉलेजात येणं प्रॅक्टिकलच्या परीक्षेपुरतं. खोलीचं भाडं, मेस आणि क्लासची फी यांसाठी घरचा ऊस किंवा कापूस आधीच खर्ची पडलेला असतो. मेडिकल प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा एकदा हुकली की रिपीट, पुन्हा हुकली की आणखी एक वर्ष. विसाव्या वर्षी हा मुलगा गावात परततो तेव्हा हातात बारावीचं सर्टिफिकेट असतं आणि ‘आपल्याला जमलं नाही’ ही बोच मनात असते.

दुसऱ्या बाजूला, ज्यांना सायन्स मिळालं नाही किंवा परवडलं नाही, ते आर्ट्सला येतात. कला शाखा हा खरं तर भाषा, इतिहास, राज्यशास्त्र, मानसशास्त्र यांचा श्रीमंत अभ्यास. खेड्यापाड्यांत मात्र तो उरलेल्यांचा वर्ग झाला आहे. २०२५ ला विज्ञानाचा निकाल ९७.३५ टक्के लागला, कलेचा ८०.५२. म्हणजे कला शाखेतला जवळपास दर पाचवा विद्यार्थी नापास झाला. कला शाखा अवघड आहे म्हणून असं झालं नाही. तिथे आपण कोणाला पाठवतो आणि पाठवल्यावर त्यांच्याकडे किती लक्ष देतो, याचा तो निकाल आहे. मुलींच्या बाबतीत तर शाखा ठरते ती अंतरावरून. गावातल्या किंवा जवळच्या कॉलेजात आर्ट्स असेल तर मुलगी आर्ट्सला, कारण सायन्ससाठी रोज तालुक्याला जावं लागेल आणि प्रॅक्टिकल संपेपर्यंत शेवटची गाडी निघून जाईल. अहिल्यादेवी होळकर योजनेतून मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास मिळतो, ही मोठी गोष्ट आहे. पण पास असून उपयोग काय, जर संध्याकाळच्या गाडीच्या आधी प्रयोगशाळाच उघडत नसेल? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत जालना जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे एक तृतीयांश स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. ज्या मुलीचं शिक्षण पुढे कुठेच नेत नाही असं घराला वाटतं, तिच्यासाठी स्थळं आधी येतात. विषयनिवडीचा प्रश्न खेड्यात असा थेट आयुष्याला भिडतो.

या परिस्थितीवर सरकारचं उत्तर काय? २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात एकाच ऑनलाइन प्रक्रियेने होऊ लागले. त्याआधी ही पद्धत मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांपुरती होती. आता नऊ हजारांहून अधिक कनिष्ठ महाविद्यालयं आणि वीस लाखांहून अधिक जागा एका संकेतस्थळावर आल्या. अर्जाचे दोन भाग, दहापर्यंत पसंतीक्रम, आणि पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर तिथेच प्रवेश घेण्याची सक्ती. पारदर्शकतेसाठी हे पाऊल चांगलंच होतं. पण अंबड तालुक्यातल्या मुलाच्या जागी बसून हा अर्ज भरून बघा. स्टँडजवळच्या सेवा केंद्रात रांग, पोर्टल अडकलेलं, सोबत बाप किंवा मोठा भाऊ. दहा पसंत्या भरायच्या, पण रोज जाऊन येता येईल अशी कॉलेजं दोन किंवा तीन. त्यातल्या एकात सायन्स, बाकीच्यांत आर्ट्स. अर्ज राज्यभरातून निवडण्याची मोकळीक देतो, गाडीचं वेळापत्रक ती काढून घेतं. शेवटी केंद्रवाला विचारतो, ‘कोणतं टाकू?’ आणि घरातलं कोणीतरी उत्तर देतं. ज्याला ती दोन वर्षं काढायची आहेत, तो मुलगा बहुतेक वेळा गप्प असतो.

आणि शाखेच्या आत तरी निवड आहे का? बारावीच्या गणिताच्या पुस्तकावर ‘कला व विज्ञान’ असं छापलेलं असतं. म्हणजे आर्ट्सच्या विद्यार्थिनीने गणित घ्यायला मंडळाची हरकत नाही. भूगोल विज्ञान शाखेतही घेता येतो, माहिती तंत्रज्ञान तिन्ही शाखांत आहे. कागदावर भिंत बरीच पातळ आहे. ती उंच होते ती कॉलेजच्या वेळापत्रकात. शिक्षकाचं पद विद्यार्थिसंख्येवर आणि सरकारच्या पदमंजुरीवर, म्हणजे संचमान्यतेवर, अवलंबून. आर्ट्सच्या चार मुलींसाठी गणिताचा तास लावायला ना शिक्षक मोकळा, ना खोली. म्हणून कॉलेज ठरावीक ‘ग्रुप’ बनवतं आणि मुलं त्या ग्रुपात बसतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं की कला आणि विज्ञान, शैक्षणिक आणि व्यावसायिक शिक्षण यांच्यातली कठोर विभागणी जावी. राज्याचा २०२४ चा अभ्यासक्रम आराखडाही त्याच दिशेचा आहे. पण ही विभागणी धोरणाच्या एका वाक्याने जाणार नाही, कारण ती उभी आहे शिक्षकांच्या पदांवर, खोल्यांवर आणि गाड्यांच्या वेळांवर.

याहून खोल तुटलेपण दिसतं ते शेतात. जालना हा बियाण्यांचा जिल्हा. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको उभी केली, १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला, आणि या पट्ट्यातल्या कित्येक गावांत संकरित बियाण्याचे सीड प्लॉट घेतले जातात. कापसाच्या सीड प्लॉटवर क्रॉसिंगचं काम कसं चालतं ते जवळून पाहावं. मादी ओळीतली उद्या उमलणारी कळी दुपारनंतर हेरायची, तिच्या पाकळ्या आणि पुंकेसर नखाने अलगद काढायचे, आतल्या कुक्षीला धक्का लागू द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नर ओळीतलं फूल आणून त्याचे परागकण त्या कुक्षीवर फिरवायचे आणि खुणेसाठी दोरा बांधायचा. घरच्या प्लॉटवर हे रोज पाहत वाढलेली मुलगी शाळेत जाते, तिथे फळ्यावर मेंडेलचे वाटाणे असतात, आणि कोणी तिला सांगत नाही की तू पाहिलंस ते हेच. मुलांनी प्लॉटवर मजुरी करावी असं मी मुळीच म्हणत नाही, ते पाप आहे. मी म्हणतो ते असं की जिच्या आजूबाजूला आनुवंशशास्त्राची एवढी मोठी प्रयोगशाळा आहे, तिला अकरावीत जीवशास्त्र आणि पीकशास्त्र शिकण्याची सोय नसणं हे शिक्षणव्यवस्थेचं अपयश आहे. जालन्यात स्टीलचे कारखाने आहेत, २०१८ मध्ये सुरू झालेला रेशीम कोषांचा बाजार आहे, मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचं उपकेंद्र आहे. जिल्ह्यात काम आहे आणि ज्ञानही आहे. चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांना त्याच्याशी जोडणारी शाळा मात्र नाही.

अशी शाळा काढण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळांची शिफारस केली: एकाच शाळेत मानव्यविद्या, विज्ञान, तंत्र, वाणिज्य, शेती, ललितकला, गृहविज्ञान. देशभर अशा शाळा निघाल्या, आणि त्यांना शिक्षक मिळावेत म्हणून १९६३ मध्ये अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर इथे प्रादेशिक शिक्षण महाविद्यालयं काढावी लागली. शाळा आधी आणि शिक्षक नंतर, असा तो उलटा क्रम होता. यंत्रं आली, चालवणारे आले नाहीत. मग कोठारी आयोग आला. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक हे त्याचे सदस्य-सचिव. दहावीनंतरची दोन वर्षं मोठ्या प्रमाणावर व्यवसायाभिमुख व्हावीत, हा त्या आयोगाचा आग्रह होता. १९८६ च्या धोरणाने लक्ष्य दिलं: १९९५ पर्यंत उच्च माध्यमिकचे पंचवीस टक्के विद्यार्थी व्यवसाय शिक्षणात. तीस वर्षांनंतर महाराष्ट्रातला आकडा वर दिलाच आहे: पंधरा लाखांत ३१,७३५, म्हणजे जेमतेम दोन टक्के.

हे का झालं, याचं कारण मुलांना विचारलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. एमसीव्हीसी नावाने ओळखला जाणारा किमान कौशल्य अभ्यासक्रम वेगळ्या खोलीत, वेगळ्या मुलांसाठी ठेवला गेला, आणि पुढे पदवीला जायची वाट अरुंद राहिली. जिथून पुढे जाता येत नाही तिथे हुशार मूल जाणार नाही, आणि जिथे हुशार मूल जात नाही तिथे कोणीच आपलं मूल पाठवत नाही. याउलट द्विलक्ष्यी अभ्यासक्रम टिकले. विज्ञान शाखेतच राहून दोनशे गुणांचा इलेक्ट्रॉनिक्स किंवा पीकशास्त्रासारखा विषय घ्यायचा आणि पुढची वाटही शाबूत राहते. हे दोन अभ्यासक्रम शेजारी ठेवले की दिसतं, आपल्या मुलांनी हाताच्या कामाला नकार दिलेला नाही. पुढची वाट तोडणाऱ्या शिक्षणाला त्यांनी नकार दिला आहे.

इथे एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा, आणि तो बहुजन समाजातून येतो हे बरोबरच आहे. खेड्यातल्या मुलांना शेती आणि वेल्डिंग शिकवा म्हणजे शहरातल्यांना डॉक्टर होण्याची वाट मोकळी, असा यामागे डाव नाही ना? ही शंका इतिहासातून आलेली आहे. १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस घरचा धंदा अशी योजना आणली, तेव्हा ती जातीचे व्यवसाय मुलांच्या गळ्यात पुन्हा बांधणारी आहे म्हणून द्रविड चळवळीने ती उधळून लावली आणि १९५४ मध्ये ती मागे घ्यावी लागली. तो विरोध योग्यच होता. पण याच प्रश्नाचं दुसरं उत्तर त्याच्याही आधी महाराष्ट्रात दिलं गेलं होतं. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी दिलेल्या निवेदनात शूद्रातिशूद्रांच्या मुलांसाठी सक्तीचं प्राथमिक शिक्षण मागितलं, त्यात मोडी आणि बाळबोध लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांच्या जोडीला शेतीचं आणि आरोग्याचं ज्ञानही मागितलं, आणि उच्च शिक्षणातला बहुजनांचा वाटाही मागितला. उपयोगी ज्ञान आणि वरच्या शिक्षणाची वाट या दोन गोष्टी फुल्यांनी एकत्र मागितल्या. त्या वेगळ्या करणं हाच अन्याय आहे.

त्या एकत्र आल्या की काय होतं, हे पुणे जिल्ह्यातल्या पाबळला पाहता येतं. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा त्यांचा विषय राज्य मंडळाने नववी-दहावीसाठी मान्य केला आणि तो अनेक शाळांत गेला. आठवड्यातला एक दिवस मुलं बांधकाम आणि वेल्डिंग, वीज आणि ऊर्जा, शेती आणि पशुपालन, आहार आणि आरोग्य यांवर काम करतात. मातीपरीक्षण करतात, रक्तगट तपासतात, वायरिंग करतात, आणि गावाला हवी ती सेवा मोबदला घेऊन देतात. वर्गात प्रत्येकाने सगळं करायचं असतं, मुलीने वेल्डिंग आणि मुलाने स्वयंपाक. बाकी विषय, बोर्डाची परीक्षा, पुढचं शिक्षण जसंच्या तसं. कोणाचंही दार बंद होत नाही.

बाहेरच्या जगाचा अनुभवही हेच सांगतो. इंग्लंडमध्ये अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांची ग्रामर स्कूल आणि सेकंडरी मॉडर्न अशी वाटणी होत असे. १९६५ मध्ये सरकारने परिपत्रक काढून स्थानिक संस्थांना सर्वसमावेशक शाळांकडे वळायला सांगितलं, कारण एवढ्या लवकर केलेली वाटणी घरच्या परिस्थितीचीच वाटणी ठरत होती. अमेरिकेत एका शाळेत सगळे विषय आले, पण आत ‘हुशारांचे’ आणि ‘कच्च्यांचे’ वेगळे गट पडले, आणि जेनी ओक्स यांनी १९८५ च्या पुस्तकात दाखवलं की हे गट गरीब आणि कृष्णवर्णीय मुलांना खालीच ठेवत होते. म्हणजे एक छप्पर पुरेसं नाही, आतल्या भिंतीही पाडाव्या लागतात. फिनलंडने सामायिक शाळा आणली तेव्हा सुरुवात राजधानीपासून केली नाही. १९७२ मध्ये ती देशाच्या दूरच्या उत्तर टोकाला, लॅपलंडला सुरू झाली आणि हेलसिंकीला सर्वात शेवटी, १९७७ मध्ये पोहोचली. आणि आज तिथे सोळाव्या वर्षी व्यवसाय शिक्षण घेतलेल्या विद्यार्थ्यालाही पुढे विद्यापीठाची वाट खुली आहे.

मग आपण काय करावं? सर्व कनिष्ठ महाविद्यालयांना सर्व विषय देणं शक्य नाही, हे मान्य. पण चार-पाच शाळा-कॉलेजांचा एक समूह करून त्यांचं वेळापत्रक एकत्र आखता येतं. भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा एका ठिकाणी, शेतीचा प्लॉट दुसऱ्या, कार्यशाळा तिसऱ्या, आणि मुलांना नेणारी गाडी तासांच्या वेळेनुसार. संचमान्यता कॉलेजनिहाय न करता समूहनिहाय केली तर आर्ट्सच्या चार मुलींसाठी गणिताचा शिक्षक मिळू शकतो. अकरावीच्या वर्षभरात विषय बदलण्याचा हक्क हवा आणि बदललेल्यांसाठी सुट्टीतला पूरक वर्ग हवा. दुसऱ्या वाटेने आलेल्याला बारावीनंतर एक वर्षाचा पायाभूत अभ्यासक्रम करून कृषी, नर्सिंग, अभियांत्रिकीच्या प्रवेशाला बसता आलं पाहिजे. आणि २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची जी कल चाचणी होत असे, ती नुसता कागद हातात देऊन संपता कामा नये. तिच्यानंतर मुलाशी आणि घराशी बोलणारा प्रशिक्षित माणूस शाळेत हवा.

यातली कोणतीही गोष्ट मुलांना विचारल्याशिवाय ठरू नये. शिक्षण हक्क कायद्याची शाळा व्यवस्थापन समिती आठवीपर्यंतच्या शाळांसाठी आहे, तीही मुख्यतः पालकांची. नववी ते बारावीच्या मुलांना, जी काही वर्षांत मतदार होणार आहेत, आपल्या शाळेत कोणते विषय हवेत हे सांगण्याची जागाच नाही. दर वर्षी दहावीच्या मुलांना लेखी विचारा: तुम्हाला काय शिकायचं आहे, आणि ते जवळ नसेल तर किती लांब जाऊ शकाल? समूहातले विषय त्या उत्तरांवरून ठरवा.

खर्च होईल. पण क्लास, खोली आणि रिपीटच्या वर्षांवर हीच कुटुंबं आज जो खर्च करतात तो कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही म्हणून नाहीसा होत नाही. आणि सुरुवात कुठून करायची, याचं उत्तर फिनलंडने दिलेलं आहे: जिथे गरज सर्वात मोठी तिथून. अंबड तालुका त्यासाठी योग्य आहे. मराठा, ओबीसी, दलित, मुस्लिम, भटके अशा सगळ्यांची मुलं तिथे आजही एकाच गाडीने शाळेला जातात. आरक्षणाचा निर्णय न्यायालयात आणि विधिमंडळात होईल तेव्हा होईल. या मुलांना अकरावीत हवे ते विषय, आणि चुकलं तर ते बदलण्याची मुभा द्यायला मात्र कोणत्याही निकालाची वाट पाहावी लागत नाही. अंतरवाली आणि वडीगोद्री या दोन्ही गावांच्या आई-बापांनी मिळून मागावी अशी ही मागणी आहे, कारण तिच्यात एकाला मिळालं म्हणून दुसऱ्याचं कमी होत नाही.